डाव्या कोपऱ्याशेजारची जागा

माझा उजवा हात अठरा वर्षं एकाच मुलीच्या डाव्या हातात होता. असं लिहिलं की लोकांना भलतंच वाटतं, म्हणून आधीच सांगते की मी कबड्डीबद्दल बोलतेय. लालबागला आमच्या चाळीच्या दोन इमारतींच्या मधे मैदान होतं, तिथे आमच्या मंडळाचा मुलींचा संघ संध्याकाळी सराव करायचा. मी डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे, ती माझ्या शेजारी. समोरची मुलगी चढाईला आली की कोपऱ्यातली आणि शेजारची एकमेकींचा हात धरतात, दोघी मिळून मागे-पुढे सरकतात. संधी मिळाली की कोपऱ्यातली पायावर झेप घेते आणि शेजारची वाट अडवते. खेळ टीव्हीवर आल्यापासून हे सगळ्यांना कळायला लागलंय. आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. पोरी माती खाऊन घरी येतात, एवढंच त्यांना दिसायचं.

ती आमच्याच मजल्यावर राहायची, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघी एकाच दिवशी मंडळात गेलो, पंधराव्या वर्षी. मी स्वभावानं खडूस, ती हसतमुख. माझी आई मालवणची, ती मला म्हणायची, "तुझ्या नाकार कायम राग, तिच्याकडसून जरा शिक गो." मी काही शिकले नाही. पंचाशी भांडायला मी पुढे आणि मला ओढून मागे न्यायला ती, अशी आमची वाटणी ठरून गेली होती.

तिच्या अंगठ्याच्या मुळाशी तव्याचा एक जुना डाग होता. हात धरला की तो गुळगुळीत भाग माझ्या बोटाखाली यायचा. सामन्याआधी तिचा तळवा नेहमी ओला असायचा, आणि चेहऱ्यावर मात्र काही नाही. तिला भीती वाटतेय हे अख्ख्या मैदानात फक्त मला कळायचं.

आमच्यात एक गोष्ट होती, जी आम्ही कोणाला सांगितली नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत एकदा मी पायावर गेले आणि ती क्षणभर उशिरा आली. माझा पुढचा दात अर्धा तुटला, तो अजून तसाच आहे. त्या रविवारी आम्ही गॅलरीत बसून ठरवलं. तोंडानं सांगायची सोय नाही, समोरची ऐकते. म्हणून हातानं सांगायचं. एकदा झटकन दाबलं तर मी जातेय, तू ये. दाबून धरलं तर थांब, ही फसवतेय. बस, एवढंच. याला आम्ही 'हात' म्हणायचो. "आज हात बरोबर लागला," असं एकमेकींना सांगायचो. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनासुद्धा पत्ता नव्हता. लोक म्हणायचे, या दोघी एकदमच कशा सुटतात. आम्ही नुसत्या हसायचो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपलं काहीतरी गुपित चाललंय, याची मजा अजूनच वेगळी.

मग तिचं लग्न झालं आणि ती डोंबिवलीला गेली. दादरच्या साडीच्या दुकानातली नोकरी तिनं सोडली नव्हती, त्यामुळे दोन-तीन वर्षं ती दुकानातून परस्पर सरावाला यायची. मुलगी झाली तेव्हा मात्र खेळ थांबला. दोन मोसम ती आली नाही. तिच्या जागेवर सर कोणाकोणाला उभं करून बघत होते. मी त्या मुलींचा हात धरायचे आणि सामना संपला की विसरून जायचे. त्या तात्पुरत्या आहेत असं मी मनाशी धरून चालले होते, आणि मुलींनाही ते कळत असावं, कारण एकही टिकली नाही.

त्याच सुमारास चाळीच्या पुनर्विकासाचं एकदाचं नक्की झालं. गेली कित्येक वर्षं ते नुसतं सभांमधून गाजत होतं, आता कागदावर सह्या झाल्या. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची, मग मैदानाला पत्रे लागणार. मंडळानं ठरवलं की त्याआधी मैदानावर एक शेवटची स्पर्धा घ्यायची, मातीवरची. हल्ली सगळीकडे मॅट असते. पण आमच्या मातीवर घ्यायची असं सगळ्यांचं एकमत झालं, आणि आमच्या चाळीत एकमत म्हणजे नवलच.

मी तिला फोन करून सांगितलं. तिनं तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, "मला खेळायचंय गं. एकदाच. त्याच जागेवर."

ती शनिवार-रविवारी यायला लागली. मुलीला माझ्या आईकडे ठेवायची आणि मैदानात उतरायची. मला इतका आनंद झाला होता की मी सरावाला अर्धा तास आधी जाऊन पाणी मारायचे, माती बसावी म्हणून. पहिल्या दिवशी तिनं हात हातात घेतला आणि तो डाग बोटाखाली आला. मला वाटलं, चला, सगळं जागच्या जागी आलं.

तसं ते आलं नव्हतं. तिचा गुडघा बाळंतपणाआधीच दुखरा होता, आता तो सुजायचा. दोन चढायांनंतर तिला धाप लागायची. मी झटकन दाबलं की ती निघायची, पण पोचायची उशिरा. हे सर बघत होते, बाकीच्या मुली बघत होत्या. मी बघत नव्हते. मी म्हणायचे, होईल, अजून महिना आहे. स्वतःच्या डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायला मला फार वेळ लागत नाही.

सरांनी तेव्हाच वरळीहून एक मुलगी आणली. एकोणीस वर्षांची, बीडीडी चाळीत राहणारी, कॉलेज करून खेळणारी. बारीक चणीची, पण पायात वीज. बोलायची कमी. मला 'ताई' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. तिला नावं ठेवायला मला काही सापडत नव्हतं, त्याचाच मला जास्त राग यायचा.

संघ जाहीर करायच्या आदल्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं. मी कॅप्टन होते, म्हणून विचारायची त्यांची पद्धत. डाव्या बाजूला कोण हवी, म्हणाले. मी माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं. अठरा वर्षांचा सराव आहे, चाळीची मुलगी आहे, ही शेवटची स्पर्धा आहे, एवढं तर आपण तिच्यासाठी केलं पाहिजे, असं बरंच काही बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. साठीचा माणूस, वीस वर्षं पदरमोड करून पोरींना शिकवणारा. त्यांनी कधी कोणाला मोठ्यानं उत्तर दिलं नाही. म्हणाले, "तुझं ऐकलं. मी वरळीवालीला घेणार. आता तू तिच्या पाठीशी उभी राहायचं." मी बरं म्हटलं. तोंडानं म्हटलं.

माझ्या मैत्रिणीला राखीव खेळाडूंतसुद्धा घेतलं नाही. तिनंच सरांना नको म्हणून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

आमच्या मंडळात एक पद्धत होती. जिची जागा जाते तिनंच ती जागा नव्या मुलीला सोपवायची. आठ दिवस तिच्याबरोबर मैदानात उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. मला कोपरा मिळाला तेव्हा आधीच्या ताईनं असंच सोपवला होता. कडेची माती कुठे भुसभुशीत आहे, संध्याकाळचं ऊन कुठल्या खिडकीवरून डोळ्यांत येतं, कुठल्या पंचाला रेषेवरचा पाय दिसत नाही, सगळं. रडत होती आणि सांगत होती. त्या वेळी मला तिची गंमत वाटली होती.

माझ्या मैत्रिणीला आठ दिवस रोज डोंबिवलीहून येणं शक्य नव्हतं. मुलीला ताप होता. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "माझ्या वतीनं तू सोपव. सगळं सांग तिला. काही ठेवू नकोस." मी म्हटलं, सांगते. तिनं पुन्हा विचारलं, "सगळं ना?" मी म्हटलं, हो गं बाई, सगळं.

मी प्रामाणिकपणे शिकवायला घेतलं. पाय कुठे ठेवायचा ते सांगितलं. खांदा कसा लावायचा, समोरचीला बोनसच्या रेषेपर्यंत कशी बोलवायची, मी झेपावले की ती कुठून आली पाहिजे, हे दहा-दहा वेळा करून घेतलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय मन लावून शिकवतेय. पण 'हात' नाही सांगितला. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज जीभ अडखळायची. माझ्या सगळ्या तारुण्यात मी स्वतःसाठी राखलेली तेवढी एकच गोष्ट होती. ती या पोरीला का द्यायची? चार महिन्यांत ती दुसऱ्या संघात जाईल. मी स्वतःला समजावलं की हिला त्याची गरजच नाही, हिचे पाय इतके चपळ आहेत की मला बघून येईल. आणि ती यायचीही. त्यामुळे माझं आणखीच फावलं.

स्पर्धेत आम्ही पहिले दोन सामने सहज जिंकलो. चाळीच्या चारही मजल्यांवरून लोक वाकून बघायचे. कोणी गॅलरीतून थाळ्या वाजवायचे. त्या मुलीनं पकड केली की लोक तिच्या नावानं ओरडायचे. दोन सामन्यांत चाळीनं तिला आपली करून टाकली. मी मैदानात तिला शाबासकी द्यायचे, पाठीवर थाप मारायचे, कॅप्टननं जे करायचं ते सगळं करायचे. आतून मात्र दर वेळी वाटायचं की ही थाप कुठल्या पाठीवर पडायला हवी होती.

उपांत्य सामन्याला माझी मैत्रीण आली. मुलीला मांडीवर घेऊन रेषेच्या अगदी जवळ, सतरंजीवर बसली. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं मान हलवून त्या मुलीकडे खूण केली, म्हणजे तिच्याकडे लक्ष दे.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो. समोरची चढाईची मुलगी उंच होती, हात लांब, आणि ती सरळ आमच्या बाजूला आली. मी आणि ती वरळीची मुलगी हात धरून मागे सरकत होतो. समोरचीनं एकदा पाय पुढे टाकून फसवलं. दुसऱ्यांदा टाकला तो खरा होता. मला तो दिसला. आणि काही विचार करायच्या आत माझ्या उजव्या हातानं शेजारचा हात एकदा झटकन दाबला.

अठरा वर्षांची सवय. समोर पाय दिसला, तिला सांगितलं, निघाले. त्या क्षणी माझ्या शेजारी माझी मैत्रीणच होती. हातानं डाग शोधलासुद्धा नाही.

त्या मुलीला दाबण्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. तिला वाटलं, ताई म्हणतायत घट्ट धर. तिनं जीव खाऊन माझा हात धरला. मी झेपावले आणि हवेतच मागे ओढली गेले. एका हातानं घोटा धरला, तो निसटला. मी तर धरतानाच शिवली गेले होते, समोरचीनं वळताना वरळीच्या मुलीला शिवलं, आणि रेषा पार केली. दोन गुण. सामना संपला.

चारही मजल्यांवरच्या थाळ्या थांबल्या. मग वरून कोणीतरी म्हणालं की नवख्या पोरीनं कॅप्टनचा हातच सोडला नाही. ते सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे सगळेच तेच बोलायला लागले. सर मैदानात आले. त्यांनी तिला विचारलं, हात का नाही सोडलास? ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं नाही. ती सरांना म्हणाली, "माझी चूक झाली सर."

मी तेव्हा बोलले असते तर ही गोष्ट लिहिण्याइतकी मोठी झाली नसती. मी पायांची माती झटकत बसले. सर म्हणाले, पुढच्या जिल्हा स्पर्धेला तुला बाहेर बसवून बघतो, दुसरी कोणी बघू. ती मान खाली घालून हो म्हणाली, आणि बॅग उचलून गेली. पराभवानंतर मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. तिच्याजवळ कोणी गेलं नाही.

माझी मैत्रीण सगळं पांगल्यावर माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही माझ्या खांद्यावर हात ठेवेल. तिनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "तू तिला हात सांगितला नव्हतास?"

मैदानातल्या शंभर माणसांना जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं. माझं मनगट कसं हललं हे तिच्याएवढं कोण ओळखणार?

मी म्हटलं, "तो आपला होता."

"मी तुला म्हटलं होतं, काही ठेवू नकोस."

"तुझ्यासाठीच ठेवला."

ती म्हणाली, "माझ्यासाठी? मी घरी बसून आठ दिवस विचार करत होते, आता तिला हे सांगत असशील, आता ते. मला वाटत होतं, मी नसले तरी माझं काहीतरी या मैदानात खेळतंय. तू ते खेळूच दिलं नाहीस." एवढं बोलून ती गेली. माझ्या आईकडे मुलीचं दुपटं राहिलं होतं, तेही न घेता.

मी तिला त्या रात्री फोन केला, दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. तिनं उचलला नाही. अठरा वर्षांत आम्ही भांडलो नव्हतो असं नाही, पण तिनं अबोला धरल्याचं मला आठवत नव्हतं. अबोला हा माझा प्रांत. परळला मी एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करते, तिथे त्या आठवड्यात मी दोन जणांना एकमेकांचे पेपर दिले. तिची उणीव म्हणजे नुसती आठवण नव्हती. कोणाचाही फोन वाजला तरी माझा हात उचलला जायचा.

सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. हात काय होता, तो कसा लपवला, चूक कोणाची झाली. वाटलं होतं, रागावतील. ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "हे मला काय सांगतेस? जिला सांगायचं तिला सांग."

मी वरळीला गेले. तिच्या आईनं दार उघडलं आणि ताई आल्यात म्हणून आत हाक मारली. लेकीनं घरी काहीच सांगितलं नसावं, कारण तिच्या आईनं मला खुर्चीवर बसवलं, चहा ठेवला आणि पोरीला चांगलं शिकवता म्हणून माझे आभार मानले. आई आत गेल्यावर मी तिला म्हटलं की चूक माझी होती, आणि कशी ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं काहीतरी आहे. सरावात कधीकधी तुमचा हात दाबला जायचा आणि तुम्ही लगेच ढिला सोडायच्या. मी विचारणार होते ताई. पण तुम्ही सांगत नाही म्हणजे मला अजून सांगण्यासारखं नसेल, असं वाटलं."

मला तिथल्या तिथे रडू आलं. एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर, तिच्या घरात, तिच्या आईचा चहा हातात धरून. तिनं पाणी आणून दिलं. मी तिला तिथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या, हात धरून दाखवलं. एकदा झटकन. मग दाबून धरून. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

सरांनी तिला संघात परत घेतलं. मैदानाला पत्रे लागायला अजून थोडे दिवस होते, तेवढ्यात आम्ही जिल्हा स्पर्धेचा सराव करत होतो. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गेली होती. गॅलऱ्यांमधल्या कपड्यांच्या दोऱ्या तशाच होत्या, कपडे नव्हते. मी त्या मुलीबरोबर मनापासून खेळत होते, तिच्या नावानं ओरडत होते, ती पडली तर धावत होते. आणि मला माझी मैत्रीण हवी होती. दोन्ही एकदमच खरं होतं. एक करताना दुसरं कमी होईल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

एका रविवारी सकाळी ती आली. कळवलं नव्हतं. मुलीला माझ्या आईकडे सोडून खाली आली. ट्रॅक पँट, गुडघ्याला पट्टा. माझ्याकडे बघितलं नाही. सरांना म्हणाली, "मी चढाई करते. डाव्या बाजूला जाते. बघू दे."

ती कधीच चढाईची खेळाडू नव्हती. अठरा वर्षांत सगळ्या मिळून दहा चढाया केल्या असतील. सरांनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

ती मध्यरेषेवर उभी राहिली, वाकून मातीला हात लावला, आणि आली. हल्लीच्या मुली तोंडातल्या तोंडात म्हणतात. ती जुन्या पद्धतीनं आली, मोठ्यानं, एका दमात, कबड्डी कबड्डी करत. रिकाम्या इमारतींमधून तो आवाज परत येत होता. ती सरळ आमच्यावर आली. मला काय फसवतं हे तिला ठाऊक होतं. तिनं डावा खांदा टाकला. मी हात दाबून धरला, थांब. शेजारची मुलगी थांबली. माझ्या मैत्रिणीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं पुन्हा पाय टाकला, दुखऱ्या गुडघ्याचा, तो जमिनीवर क्षणभर जास्त राहिला. मी एकदा दाबलं.

तिचा घोटा माझ्या दोन्ही हातांत आला. मी अजून जमिनीवर पडायची होते तेवढ्यात ती वरळीची मुलगी पोचली होती. इतक्या लवकर माझ्याबरोबर आजवर कोणी आलं नव्हतं, माझी मैत्रीणसुद्धा नाही. हे मला त्या घाईत कळलं, आणि कळल्याची लाज वाटली.

माझी मैत्रीण पालथी पडली. एक हात लांब केलेला, रेषा हातभर दूर. तिचं कबड्डी कबड्डी चालूच होतं. माझा गाल तिच्या पोटरीला लागला होता, तिचा श्वास मला तिच्या पायातून कळत होता, कमी कमी होत चाललेला. मी पकड सैल केली. मुद्दाम केली. म्हटलं, जाऊ दे हिला रेषेपर्यंत, एकदाच.

तिला ते लगेच समजलं. तिनं जीव तोडून पाय ओढला. नाटक करणारी मुलगी तसा ओढत नाही. ती खरोखर खेळत होती, खरोखर सुटायला बघत होती, आणि तिला खरोखरच पकडायला हवं होतं. मी पुन्हा आवळलं. होती नव्हती तेवढी ताकद लावली. ती मुलगी तिच्या कमरेला घट्ट होती. माझ्या मैत्रिणीचे शब्द तुटक व्हायला लागले, मग एकेकच आला, मग नुसता आवाज, आणि मग दम गेला.

सरांनी शिट्टी दिली. आम्ही तिघी तशाच पडून होतो. त्या मुलीनं हळूच विचारलं, "ताई, सोडू?" माझे हात अजून घोट्यावरच होते.

माझी मैत्रीणच मातीत तोंड घालून म्हणाली, "सोडा आता. धरलीत की."

ती उठली. गुडघा धरून एक क्षण उभी राहिली. मग तिनं त्या मुलीच्या पाठीवरची माती झटकली, खांद्यावरची झटकली, आणि बाद झालेल्या मुलीनं जिथे जायचं असतं तिथे, रेषेबाहेर जाऊन बसली. सरांनी दुसरी मुलगी चढाईला पाठवली. आम्ही दोघींनी हात धरले. पहिली हाक रेषेबाहेरून आली, त्या वरळीच्या मुलीच्या नावानं.